लिनक्सवर एक्स्टर्नल हार्ड डिस्कची झोप : वाद कुठवर आला?

मुंबईच्या उपनगरांतल्या काही घरांत आता एक छोटा सर्व्हर असतो, फक्त त्याला कोणी सर्व्हर म्हणत नाही. ऑफिसने मोडीत काढलेला डेस्कटॉप किंवा तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय, त्यावर लिनक्स, आणि यूएसबी वायरीने जोडलेली दोन-चार टेराबाइटची हार्ड डिस्क. मुलांचे जन्मापासूनचे फोटो, लग्नाचा व्हिडिओ, सोसायटीचे कागद, आईवडिलांच्या रिपोर्टांच्या स्कॅन केलेल्या प्रती असा सगळा ऐवज तिच्यात साठलेला. दिवसातले वीसेक तास तिला कोणी हात लावत नाही, तरी ती मिनिटाला 5400 किंवा 7200 फेऱ्यांनी फिरतच राहते. वन-रूम-किचनमध्ये टीव्हीचा हॉल तोच रात्रीच्या अंथरुणांचा हॉल. तिथे मध्यरात्रीनंतर तिची घरघर स्पष्ट ऐकू येते.

वापर नसेल तेव्हा डिस्कने आपोआप थांबावं, एवढीच मागणी. पण ही मागणी लिनक्सवर नीट पुरी होते का, आणि मुळात ती करावी का, यावर वीसेक वर्षं मतभेद आहेत. दोन्ही बाजूंना सच्चे आणि अनुभवी लोक आहेत. हा वाद आज कुठे उभा आहे ते इथे पाहू.

झोप म्हणजे नेमकं काय

डिस्क झोपते तेव्हा तिची मोटर थांबते, चकत्या स्थिर होतात आणि वाचणारी-लिहिणारी हेड कडेच्या उतारावर जाऊन विसावतात. सर्किट मात्र जागं असतं. पुढची आज्ञा आली की मोटर पुन्हा वेग घेते आणि पाच ते दहा सेकंदांत डिस्क हजर होते. एटीए या मानकात या अवस्थेला स्टँडबाय म्हणतात. त्याच मानकात स्लीप नावाची आणखी गाढ अवस्था आहे, तिच्यातून बाहेर यायला रिसेट लागतो. घरगुती चर्चेत ‘झोप’ म्हणतात ती जवळजवळ नेहमी स्टँडबायच असते आणि या लेखातही शब्द त्याच अर्थाने घेतला आहे.

पार्श्वभूमी

लिनक्समध्ये हा विषय लॅपटॉपच्या बॅटरीमुळे आला. लिनक्सचा आयडीई ड्रायव्हर सुरुवातीला लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मार्क लॉर्ड यांनी एचडीपार्म हे साधन तयार केलं. डिस्कच्या आतल्या घड्याळाला ‘इतका वेळ काम नसेल तर थांब’ असं सांगण्याची सोय त्यात आहे, आणि आजही कोणी विचारलं की पहिलं नाव त्याचंच सुचवलं जातं. पण डिस्क थांबली तरी कर्नल मेमरीतला बदललेला मजकूर दर काही सेकंदांनी डिस्कवर उतरवायला जाई आणि तिला उठवी. त्यावर नोफ्लशडी नावाचा प्रोग्रॅम आला. तो ही उतरवणी रोखून धरी. जर्नल ठेवणाऱ्या फाइलसिस्टिम रूढ झाल्यावर ती युक्ती चालेना. मग कर्नलमध्येच लॅपटॉप मोड आला: डिस्क एकदा उठली की साचलेलं सगळं लिखाण एका दमात उरकायचं.

2007 साली या विषयाला वळण लागलं. त्या वर्षी उबुंटू वापरणाऱ्यांत मोठी खळबळ माजली, कारण काही लॅपटॉपमध्ये डिस्कची हेड मिनिटाला अनेकदा पार्क होत होती आणि आयुष्यभरासाठी ठरवलेला कोटा भराभर संपत होता. त्याच वर्षी गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बरोसो यांनी एक लाखाहून अधिक डिस्कच्या बिघाडांचा अभ्यास मांडला. ख्रिश्चन म्युलर यांचा एचडी-आयडल हा छोटा प्रोग्रॅमही त्याच साली आला, आणि तो खास बाहेरच्या डिस्कसाठीच होता. वर्षअखेरीस सीगेटच्या फ्रीएजंट डिस्कची बातमी झाली. त्या स्वतःहून झोपत, पण लिनक्सवर उठताना चुकांचा पाऊस पाडत. कर्नलमधला ‘अलाऊ रिस्टार्ट’ हा पर्याय चालू केला, किंवा एसडीपार्म या साधनाने त्यांची स्टँडबायची सवय काढून टाकली, की त्या सुधारत.

थोडक्यात, जास्त झोपेचं नुकसान आणि झोप नीट न जमण्याची अडचण एकाच वर्षी चव्हाट्यावर आली. आजच्या वादातल्या दोन्ही बाजूंचा बराचसा दारूगोळा तिथूनच येतो.

मधला दुभाषा

बाहेरच्या डिस्कची खरी अडचण डिस्कमध्ये नसून तिच्या डब्यात आहे. आतली डिस्क साटा भाषा बोलते, वायर यूएसबीची आणि कर्नल पलीकडून स्कझी आज्ञा पाठवतो. मध्ये बोटाच्या नखाएवढी ब्रिज चिप दुभाष्याचं काम करते. भाषांतराचं मानक आहे, सॅट नावाचं. पण ते किती पाळायचं हे चिप बनवणाऱ्यावर अवलंबून राहिलं. काही चिप घड्याळाची आज्ञा जशीच्या तशी डिस्कला पोचवतात. काही ती गिळून टाकतात आणि वर ‘झालं’ असं कळवतात. काही एचडीपार्मला ‘बॅड ऑर मिसिंग सेन्स डेटा’ असं उत्तर देतात, ज्यातून सामान्य माणसाला काहीच उमगत नाही.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या, बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांत वेगळ्या चिप निघू शकतात. एलएसयूएसबी ही आज्ञा दिली की आकडा दिसतो: 152डी असेल तर जेमायक्रॉन, 174सी असेल तर एएसमीडिया. डबा विकत घेताना ही माहिती खोक्यावर सहसा छापलेली नसते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत गैर गोष्ट हीच आहे. ग्राहकाला डिस्कची क्षमता कळते, रंग कळतो, वॉरंटी कळते. आणि तिच्या वागणुकीचा मुख्य दोर ज्याच्या हाती आहे त्या चिपचं नाव कळत नाही.

ब्रँडेड एक्स्टर्नल डिस्क घेतली तर तक्रार कधीकधी उलटी असते. तिच्या फर्मवेअरमध्ये झोपेची वेळ आधीच ठरलेली असते आणि ती बदलायचं अधिकृत साधन बहुधा फक्त विंडोज आणि मॅकसाठी. लिनक्सवाल्याला तिला जागं ठेवायचं असतं आणि ते जमत नाही.

झोपवावी म्हणणारे

यांचा पहिला मुद्दा विजेचा. अडॅप्टरवर चालणारी साडेतीन इंची डिस्क नुसती फिरताना साधारण 4 ते 6 वॅट घेते, झोपल्यावर एका वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी. 5 वॅटची बचत आणि दिवसाला 20 तासांची झोप धरली तर वर्षाला साडेछत्तीस युनिट वाचतात. युनिटला 10 रुपये धरले तर 365 रुपये. जुना 75 वॅटचा पंखा अहोरात्र वीस दिवस चालवण्याइतकी ही वीज. अंधेरी-बोरिवलीचं बिल अदानीचं असो वा मुलुंडचं महावितरणचं, दर टप्प्यांनी चढतात. त्यामुळे ज्यांचं मीटर वरच्या टप्प्यात जातं त्यांची बचत थोडी अधिक. पण वायरीवरच चालणाऱ्या अडीच इंची डिस्कची बचत जेमतेम एक वॅट, म्हणजे वर्षाला सत्तर-पंचाहत्तर रुपये. आणि तिच्या शेजारी 50 वॅटचा जुना डेस्कटॉप अहोरात्र चालू असेल तर त्याची वर्षाची 438 युनिटं आधी बघायला हवीत. विजेचा मुद्दा खरा आहे, फक्त बेताचा आहे.

आवाज आणि उष्णता हे मुद्दे मला अधिक वजनदार वाटतात. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात पंखा नसतो. मे महिन्यात खोलीच 33-34 अंशांवर असते आणि डबा टीव्हीखालच्या कप्प्यात कोंबलेला. आतली डिस्क सहज 50 अंशांकडे जाते. बहुतेक डिस्कची मर्यादा 60 अंश.

शेवटचा मुद्दा लाइट जाण्याचा. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबईच्या बहुतेक भागाची वीज गेली आणि काही उपनगरांत ती परत यायला कित्येक तास लागले. अशा वेळी फिरत्या डिस्कला उरलेल्या गतीतून वीज काढून हेड घाईघाईने आत ओढावी लागतात. झोपलेल्या डिस्कची हेड आधीच जागेवर असतात.

फिरू द्यावी म्हणणारे

दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की मोटरला सर्वांत मोठा ताण सुरू होतानाच पडतो. साडेतीन इंची डिस्क त्या काही सेकंदांत वीस वॅटच्या वर वीज ओढते. थंड-गरम होण्याने धातू आणि सोल्डर आकुंचन-प्रसरण पावतात. जुन्या डेस्कटॉप डिस्कच्या पत्रकांत सुरू-बंदची मर्यादा 50,000 अशी छापलेली असे, तर हेड पार्क होण्याची 3 ते 6 लाख. वेस्टर्न डिजिटलच्या ग्रीन मालिकेतल्या डिस्क अवघ्या 8 सेकंदांच्या शांततेनंतर हेड पार्क करत. त्या लिनक्सवर लावल्या की महिन्यागणिक हजारोंनी आकडा वाढे, आणि तो उशीर वाढवण्यासाठी लोकांना आयडल3-टूल्स हे वेगळं साधन लिहावं लागलं.

गूगलच्या अभ्यासाचा दाखला दोन्ही बाजू देतात, म्हणून तो नीट वाचायला हवा. दोन वर्षांपर्यंतच्या डिस्कमध्ये वारंवार बंद-चालू होण्याचा आणि बिघाडाचा ठळक संबंध आढळला नाही. तीन वर्षांवरच्या डिस्कमध्ये मात्र बंद-चालूचं प्रमाण जास्त असलेल्या गटात बिघाडाचा दर दोन टक्क्यांहून अधिक अंकांनी वाढलेला दिसला. पण अभ्यासकांनीच सावध केलं की दुरुस्तीसाठी वारंवार बंद केली जाणारी यंत्रं त्या गटात जास्त असू शकतात. उष्णतेबद्दल त्यांचा निष्कर्ष अनपेक्षित होता: मध्यम तापमानात थोडं कमी-जास्त झाल्याने फारसा फरक पडत नाही, फार वरच्या तापमानाला आणि जुन्या डिस्कमध्येच तो दिसतो. म्हणजे ‘थंड ठेवली की जगते’ हे वाक्य ठामपणे म्हणता येत नाही, आणि ‘बंद केली की मरते’ हेही नाही.

या बाजूचा आणखी एक मुद्दा अलीकडचा आहे. स्वस्त, मोठ्या क्षमतेच्या अनेक डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. कौलांसारखे एकावर एक सरकलेले पट्टे. त्या आधी मजकूर एका राखीव जागेत घेतात आणि रिकाम्या वेळात तो जागच्या जागी लावतात. लिखाण संपताच त्यांना झोपवलं तर ही आवराआवर लांबते आणि पुढचं मोठं लिखाण रखडतं.

पावसाळ्याचा मुद्दा

या वादात किनारपट्टीच्या शहराने विचारायला हवा असा एक प्रश्न आहे आणि तो जवळजवळ कोणीच विचारत नाही. 2016 साली मनोसाकिस, बियांचिनी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटासेंटरमधल्या दहा लाखांहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. बाहेरच्या हवेने थंड ठेवलेल्या केंद्रांत डिस्कच्या बिघाडावर तापमानापेक्षा सापेक्ष आर्द्रतेचा प्रभाव मोठा दिसला. बिघडत होतं ते मुख्यतः कंट्रोलर आणि जोडणी.

आता आपल्याकडचा जुलै घेऊ. सांताक्रूझला या महिन्यात सापेक्ष आर्द्रता 85 टक्क्यांच्या घरात असते. खोलीत 28 अंश आणि 88 टक्के अशी हवा असेल, आणि फिरत्या डिस्कमुळे डब्यातलं तापमान 40 अंश झालं, तर तीच हवा डब्यात साधारण 45 टक्के आर्द्रतेची होते. पाण्याची वाफ तेवढीच, पण गरम हवेची धारणशक्ती जवळपास दुप्पट. डिस्क झोपली की डबा खोलीइतका थंड होतो आणि आर्द्रता परत 88 टक्क्यांवर जाते. दिवसातून अनेकदा ही ये-जा झाली तर सर्किटच्या तांब्यावर आणि पिनांवर काय होतं? डेटासेंटरचा निष्कर्ष घरातल्या डब्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. हा माझा तर्क आहे. पण घाटकोपर-मुलुंडच्या घरात जून ते सप्टेंबर झोपेची वेळ लांबवावी किंवा डिस्क सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात पूर्ण बंद करून ठेवावी, असं म्हणणाऱ्यांना त्यात आधार आहे.

हुकूम कोणी द्यायचा

झोपवायचं ठरलं तरी कोणी झोपवायचं यावर तीन मतं आहेत. पहिलं मत: डिस्कनेच ठरवावं. एचडीपार्मने, किंवा ग्नोमच्या डिस्क्स या खिडकीतून, आतलं घड्याळ लावायचं. इथे एक खाच आहे जिच्यात पुष्कळ जण अडखळतात. घड्याळाचा आकडा मिनिटांत नसतो. 1 ते 240 पर्यंत प्रत्येक आकडा पाच सेकंदांचा, म्हणून 240 म्हणजे 20 मिनिटं. पुढचा 241 मात्र एकदम अर्धा तास, 242 एक तास, असं 251 पर्यंत साडेपाच तास. अर्ध्या तासासाठी कोणी 30 लिहिलं तर डिस्क अडीच मिनिटांत झोपते आणि दिवसभर उठाबशा काढते. शिवाय ही सूचना डिस्क सहसा लक्षात ठेवत नाही. वायर काढली किंवा लाइट गेली की विसरते. डिस्क्सची खिडकी ती फाइलमध्ये नोंदवून डिस्क जोडली की पुन्हा देते, एचडीपार्म नुसतं वापरणाऱ्याला यूडेव्हचा नियम लिहावा लागतो. टर्मिनलची सवय नसेल त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आहेत.

दुसरं मत: डिस्कवर आणि ब्रिजवर भरवसाच ठेवू नये, यजमान संगणकाने लक्ष ठेवावं. एचडी-आयडल हेच करतो. कर्नल प्रत्येक डिस्कवर किती वाचलं-लिहिलं याची बेरीज डिस्कस्टॅट्स फाइलमध्ये ठेवतो; ठरल्या वेळात, मुळात 10 मिनिटांत, ती हलली नाही की हा प्रोग्रॅम थांबण्याची स्कझी आज्ञा पाठवतो. ती बहुतेक ब्रिजना समजते. अंदोनी देल ओल्मो यांनी तो गो भाषेत नव्याने लिहिला असून त्यात एटीए आज्ञेचाही पर्याय आहे. त्याची मर्यादा अशी की तो फक्त वाचन-लेखन मोजतो. दुसऱ्या एखाद्या आज्ञेने डिस्क उठली तर ते त्या बेरजेत दिसत नाही. तरीही यूएसबी डिस्कसाठी आज सर्वांत भरवशाचा मार्ग मला हाच वाटतो.

तिसरं मत: कर्नलनेच झोपवावं, म्हणजे त्याचं रनटाइम पॉवर मॅनेजमेंट वापरावं. रचना म्हणून ते सर्वांत योग्य, पण बाहेरच्या डिस्कवर ते सरळ चालेल याची खात्री प्रत्येक डब्यागणिक वेगळी. जे केवळ बॅकअपसाठी डिस्क ठेवतात त्यांचा सल्ला याहून वेगळा आहे: काम झालं की अनमाउंट करा, यूडिस्कसीटीएलने पॉवर-ऑफ करा, वायर काढा. बॅकअपपुरतं हे मत मला पूर्ण पटतं.

जागं कोण करतं

डिस्क झोपत नाही अशी तक्रार येते तेव्हा बरेचदा ती झोपते, पण कोणीतरी उठवतं. नव्याने ईएक्सटी4 मध्ये फॉरमॅट केलेली मोठी डिस्क असेल तर पहिले काही तास कर्नल तिच्यावर फॉरमॅटचं उरलेलं काम उरकत असतो; तिथे घाई करू नये. स्मार्टडी दर अर्ध्या तासाने तब्येत विचारतो. त्याला ‘एन स्टँडबाय’ हा पर्याय दिला की झोपलेलीला तो उठवत नाही. फाइल शोधणारे इंडेक्सर, टीव्हीवर सिनेमे दाखवणारा मीडिया सर्व्हर, सांबावरून फोल्डर उघडा ठेवणारा फोन हे नेहमीचे संशयित. मार्टिन पिट यांचं फॅट्रेस हे साधन रात्रभर चालू ठेवलं तर कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाइल उघडली ते सकाळी वाचायला मिळतं. नोएटाइम हा माउंटचा पर्याय नुसत्या वाचनातून होणारं लिखाण थांबवतो. रास्पबेरी पाय 4 वर सगळ्या यूएसबी जागा मिळून 1.2 अँपिअरच मिळतात. त्यावर दोन अडीच इंची डिस्क एकदम उठल्या तर वीज अपुरी पडून जोडणी तुटते, आणि दोष झोपेच्या माथी मारला जातो. तिथे स्वतंत्र विजेचा यूएसबी हब हाच उपाय.

काय सुटलेलं नाही

मोठ्या अभ्यासांतल्या डिस्क अहोरात्र फिरणाऱ्या, वातानुकूलित किंवा निदान देखरेखीखालच्या. दिवसाला पाच-सहा वेळा उठणारी, दमट हॉलमधली, लाइट जाण्या-येण्यात जगणारी डिस्क किती वर्षं टिकते यावर मोठ्या प्रमाणावरचा आकडा नाही. ब्रिज चिपने आपण काय ऐकतो ते प्रामाणिकपणे सांगावं, अशी सक्ती नाही. आणि नव्या डिस्कमध्ये ईपीसी नावाची वेगळी पायरीवार व्यवस्था आल्याने जुनं घड्याळ काही ठिकाणी निरुपयोगी ठरतं. सीगेटसाठी ओपनसीचेस्ट आहे, सर्वांसाठी एक साधन नाही.

तोवर आकडेमोडीवर विसंबता येतं. दिवसाला दहा वेळा उठली तर वर्षाला 3650. 50,000 ची जुनी मर्यादा गाठायला तेरा वर्षांहून अधिक. दिवसाला शंभरदा उठली तर दीड वर्षाच्या आत. म्हणून दिवसात एक-दोनदाच लागणारी डिस्क अर्ध्या तासाच्या शांततेनंतर खुशाल झोपवावी, दिवसभर हात लागणारी फिरू द्यावी, आणि पाच मिनिटांची वेळ कोणीच लावू नये, असा माझा कौल आहे.

आणि वाचकांना एक विनंती. स्मार्टसीटीएलच्या यादीत 4, 192, 193 आणि 194 या क्रमांकांच्या नोंदी असतात: सुरू-बंद, अचानक वीज गेल्याने मागे घेतलेली हेड, पार्किंग आणि तापमान. ब्रिज चिपच्या आकड्यासह त्या 1 जूनला आणि 30 सप्टेंबरला लिहून ठेवा, मधल्या काळात डिस्क झोपत होती की फिरत होती तेही लिहा, आणि उपनगरातल्या इतरांच्या नोंदींशी ताडून बघा. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी शंभरेक घरांतून चार पावसाळे एवढं केलं, तर या वादाला आपल्या हवामानातला पहिला भरवशाचा आकडा मिळेल.